उघडे राहिलेले फाटक

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही शेवटच्या टप्प्याला सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी आणि सुभेदार. मी वाघोलीत, माझ्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत. तो येरवड्यात, त्याच्या घरी. मध्ये नगर रस्ता. दोघांच्या कानाला हेडफोन, दोघांच्या हातात कंट्रोलर आणि दोन घरांतल्या दोन टीव्हींवर एकच डोंगर.

वेळ टिपण्याची सवय नोकरीतली आहे. मी वजनमापे निरीक्षक होतो. दुकानात शिरल्यावर आधी वेळ टिपायची, नमस्कार नंतर. सुभेदार तुरुंग खात्यातून निवृत्त झाला; सुभेदार हा त्याचा तिथला शेवटचा हुद्दा. येरवड्याच्या सरकारी वसाहतीत आमची दारे समोरासमोर होती. तो मला साहेब म्हणतो. त्यात आदर नसतो.

व्हिडिओ गेमचा नाद त्याचा. त्याची सून आयटीत आहे. तिने स्वतःसाठी नवीन कन्सोल घेतला आणि जुना सासऱ्याला दिला. काही आठवड्यांनी तो मला बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने विचारले, "आजोबा, नातवासाठी का?"

"नाही," सुभेदार म्हणाला. "नातवाला हात लावू देणार नाहीत. यांना स्वतःलाच पाहिजे."

"वॉरंटी एक वर्षाची आहे."

"यांची की मशिनची?"

दुकानदार हसला नाही. पुण्यात दुकानदाराने हसावे अशी अपेक्षा आम्हीही ठेवत नाही.

गेल्या काही महिन्यांत मी तीन गेम संपवले. पहिला किराणा दुकानाचा. आपण दुकानदार; माल आणायचा, तोलायचा, विकायचा. काटा मारण्याची सोय गेममध्येच आहे. एक बटण दाबले की पारडे आपल्या बाजूने झुकते. मी ते बटण एकदाही दाबले नाही. गेमने माझे दिवाळे काढले आणि शेवटी पडद्यावर सल्ला दिला, की पुढच्या वेळी थोडे व्यवहारी व्हा. सुभेदाराने तोच गेम काटा मारून खेळला. त्याच्या तीन पेढ्या झाल्या. प्रत्येक पेढी उघडली की तो मला उद्घाटनाचे निमंत्रण देत असे. हा गेम मला आवडला नाही, पण त्याच्याविषयी माझी तक्रारही नाही. काय केले म्हणजे काय होईल, हे त्याने सुरुवातीलाच सांगितले होते.

दुसरा गेम पुरात सापडलेल्या एका गावाचा. गाव रिकामे झालेले आहे आणि आपण टेलिफोनच्या तुटलेल्या तारा जोडत फिरतो. कानात एका बाईचा आवाज असतो. ती एक्स्चेंजमध्ये बसून वाट दाखवते. डावीकडे वळा. पायरी निसरडी आहे. आता घटकाभर बसा. चित्रे सुरेख आहेत. पाण्याचा आवाज इतका खरा, की माझी पत्नी एकदा मोरीतला नळ पाहून आली. शेवटी आपण एक्स्चेंजमध्ये पोहोचतो. तिथे खुर्ची रिकामी असते आणि टेप फिरत असते. बाई पुराच्या पहिल्या दिवशीच गेलेली असते.

मी कंट्रोलर खाली ठेवला. त्या आठवड्यात पुन्हा उचलला नाही.

"ही फसवणूक आहे," मी सुभेदाराला फोनवर सांगितले.

"गोष्ट आहे ती."

"मी तिला उत्तरं देत होतो."

"मोठ्यानं?"

"मनात."

"मग साक्षीदार नाही. सोडून दे."

हरण्याविषयी मी कधी कुरकुर केलेली नाही. परंतु जो आपल्या सोबत आहे असे आपल्याला सांगितले जाते, तो तिथे नसावा, हे मला चालत नाही. हेच शब्द मी त्याला त्या दिवशी ऐकवले होते आणि त्याने ते ऐकले होते. पुढे ते लागणार आहे, म्हणून इथे नोंदवतो.

तिसरा गेम दोघांनी मिळून खेळायचा. दोन मेंढपाळ, एक कळप. हिवाळा तोंडावर आलेला आहे आणि बर्फ पडण्याआधी कळप डोंगरावरून नदीकाठी उतरवायचा आहे. वाटेत दगडी कुंपणे आहेत, कुंपणांना लाकडी फाटके आहेत, आणि मागे लांडगे आहेत. एकाने पुढे राहून शिटी वाजवायची, दुसऱ्याने मागे राहून मेंढ्या हाकायच्या. एकट्याने हा गेम सुरूही होत नाही. तो आम्ही कठीण पातळीवर घेतला. सोपी पातळी लहान मुलांसाठी असते, असे सुभेदार म्हणाला, आणि लहान मुलांनी ती घेऊ नये, असे मी म्हणालो.

सुरू करतानाच मी नियम घातला होता: हेडफोनवर आजार नाही, मुले नाहीत, पेन्शन नाही. एरवी आमच्या वयाच्या दोन माणसांचे बोलणे या तिहींच्या बाहेर जात नाही. नियम पाळला गेला. दर रविवारी नाश्त्यानंतर आम्ही डोंगर उतरत होतो आणि मेंढ्यांखेरीज कशाविषयीही बोलत नव्हतो. ते माझ्या आठवड्यातले सर्वांत चांगले तास होते. हे मी त्याला सांगितलेले नाही.

सुभेदार मागचा मेंढपाळ. फाटके लावणे हे मागच्याचे काम. दोन बटणे एकत्र दाबून धरायची आणि अंगठ्याखालची काडी सावकाश वळवायची, म्हणजे अडसर बसतो. हात हलला की अडसर निसटतो आणि पुन्हा सुरुवात. कळप पुढे निघून गेला असेल आणि लांडगे आसपास नसतील, तर फाटक उघडे राहिले तरी गेमला काही फरक पडत नाही. सुभेदाराला पडत असे. तो प्रत्येक फाटक लावायचा, अडसर घालायचा आणि मग मेंढपाळाला त्यावर अंगाने एकदा आदळवून फाटक पक्के बसले की नाही ते पाहायचा. गेमने असे करायला कुठेही सांगितलेले नाही. त्याच्या नोकरीत फाटक मागे उघडे ठेवणारा माणूस टिकत नसे. आमच्या घरी आला तरी दार तोच लावतो आणि कडी एकदा ओढून पाहतो.

"लांडगा मागे राहिलाय की," मी म्हणत असे. "कशाला वेळ घालवतोस?"

"लांडग्यासाठी नाही लावत. लावायचं असतं म्हणून लावतो."

पावसाळ्याच्या अखेरीस त्याचा वेग मंदावला. एकेका अडसराशी तो खूप वेळ झटू लागला. मी पुढे उभा राहून वाट पाहत असे. दोनदा आम्ही कळप गमावला. मी काही बोललो नाही. बोललो असलो तर एवढेच, की तुरुंगातून कैदी का पळतात ते आता समजले. तो नेहमीप्रमाणे हसला.

दिवाळीच्या सुमारास त्याचा हात एकाएकी सुधारला. मागचा मेंढपाळ चपळ झाला. ओढ्यावरच्या फळीवरून तो एकदाही घसरला नाही. मध्येच एखादे फाटक उघडे राहू लागले, पण मी मनाशी म्हटले, याला अखेर अक्कल आली.

"हात बरा चाललाय हल्ली," मी म्हणालो.

तो म्हणाला, "तूप खातोय."

पारड्याच्या तळाला चिकटवलेले मेण मी नुसत्या नजरेने ओळखत असे. दुकानदार माझ्यासमोर काटा दोनदा पुसू लागला, की मी पारडे उलटे करत असे. इथे पारडे माझ्या डोळ्यांसमोर झुकले होते आणि मी दुकानदाराचे कौतुक केले होते.

त्या रविवारी, २३ नोव्हेंबरला, शेवटचे कुंपण आले. पलीकडे उतार, उताराखाली नदी. बर्फ पडू लागले होते. मी शिटी वाजवत पुढे गेलो. मेंढ्या फाटकातून एकेक करून आल्या. त्यांच्यामागून सुभेदाराचा मेंढपाळ आला आणि सरळ उतरू लागला. फाटक मागे सताड उघडे.

"चल साहेब," तो कानात म्हणाला. "नदी आली बघ. धोतर वर घे."

"फाटक?" मी विचारले.

"कुठलं फाटक?"

मी थांबलो. माझा मेंढपाळही थांबला. शेवटच्या कुंपणाचे शेवटचे फाटक, आणि हा माणूस मला विचारत होता, कुठले फाटक. त्याच्या हेडफोनमधून कुजबुज ऐकू आली. शब्द लागले नाहीत. मग त्याचा मेंढपाळ वळला, चढ चढून गेला आणि त्याने अडसर घातला. एका झटक्यात, न निसटता. फाटकावर आदळून पाहिले नाही.

मी कळप नदीवर नेला. शेवटी दोन मेंढपाळ शेकोटीजवळ बसतात आणि पडद्यावर अक्षरे येतात, की तुम्ही दोघांनी मिळून हे पार पाडले. मी ती अक्षरे वाचली आणि टीव्ही बंद केला.

पुराच्या गेममध्ये आवाज खोटा होता. इथे आवाज खरा होता, हात खोटे होते.

चपला घालत असताना पत्नी स्वयंपाकघरातून आली. "अहो, पानं घेतेय. कुठे निघालात?"

"येरवडा."

ती हात पुसत उभी राहिली. माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "कळलं वाटतं."

मी तिच्याकडे पाहिले.

"भाऊजीच म्हणाले, त्याला सांगू नका," ती म्हणाली. "मी काय करणार होते?"

"सांगणार होतीस."

"जेवून तरी जा."

"आल्यावर."

बसला गर्दी नव्हती. नगर रस्त्यावर मात्र होती, नेहमीची. मला खिडकी मिळाली. काय बोलायचे ते मी जुळवू लागलो. नोकरीत मला शब्द जुळवावे लागत नसत. दोष दाखवायचा, कलम सांगायचे, माल जप्त करायचा. येरवडा येईपर्यंत मी तीन वाक्ये तयार केली आणि तिन्ही रद्द केली.

दार सुनेने उघडले. दुसरा एक हेडफोन अजून तिच्या गळ्यात होता. तिने तो काढून पाठीमागे धरला. आधी काढला असता तर निदान नीटनेटके दिसले असते.

"या काका," ती म्हणाली. "बाबा आत आहेत."

सुभेदार खिडकीशी खुर्चीत बसला होता. भिंतीवरच्या बुद्धमूर्तीपुढे सकाळची मेणबत्ती अर्धी जळून विझवलेली होती. त्याच्या मांडीवर शाल होती आणि दोन्ही हात शालीखाली. शाल हलत होती. बाहेर ऊन होते.

"बस," तो म्हणाला. "उभ्यानं पंचनामा होत नाही."

मी बसलो. "काय आहे?"

"कंपवात. गोळ्या सुरू आहेत."

"खेळत कोण होतं?"

"खेळत मीच होतो. बटणं ती दाबत होती."

"हा फरक मला समजत नाही."

"तुला समजेल असं म्हणालो का मी? मी सांगायचो, ती करायची. डावीकडे घे, थांब, ती काळी मेंढी मागे राहिलीय, तिला घे. तू ज्याच्याशी बोलत होतास तो मीच होतो."

"फाटकाचं कोणी सांगितलं नाही."

सून दारात उभी होती, तीच बोलली. "काका, आधी बाबा प्रत्येक वेळी सांगायचे. मी म्हणायचे, अहो बाबा, गेमला त्याची गरजच नाहीये, उगाच टाइम जातो. मग त्यांनी सांगायचं सोडलं. चूक माझी आहे."

"तुझी नाही," सुभेदार म्हणाला. "मी बघतच नव्हतो."

"म्हणजे?" मी विचारले.

"डोळे मिटून बसलो होतो. हात थांबत नाही तेव्हा डोळे मिटले की जरा बरं वाटतं. आज पहिल्यापासून मिटलेलेच होते. तिनं नदी आली म्हणून सांगितलं, मी तुला सांगितलं."

म्हणजे धोतर वर घे हे त्याने नदी न पाहता म्हटले होते. मी ज्या उतारावर उभा होतो, तिथे तो नव्हता. ती पोरगी होती, आणि तिला फाटकाचे काही वाटत नव्हते.

ती चहा करायला आत गेली. मी आयत्या वेळी सुचलेले चौथे वाक्य म्हटले. "पुराच्या गेमनंतर मी तुला काय सांगितलं होतं?"

"आठवतंय."

"तरी केलंस."

"केलं."

"फोन होता. तू दर बुधवारी करतोस."

"हेडफोनवर आजार नाही. नियम कोणाचा?"

"नियम हेडफोनवरचा होता. फोनवरचा नव्हता. बस येते इथून तिकडे. माझ्या बायकोला सांगायला तुला सवड झाली."

त्याने एक हात शालीबाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला, जणू मी तो तपासायला आलो होतो. हात थांबत नव्हता. मी पाहिला. त्याने तो पुन्हा शालीत घेतला.

"तुला सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू दुसऱ्या रविवारी गेम सोप्यावर टाकला असतास. फाटकाशी उभा राहून म्हणाला असतास, सावकाश कर, घाई नाही. माझ्यासाठी मुद्दाम हरला असतास. तुला नीट हरताही येत नाही, साहेब. लगेच दिसतं."

"मी असं केलं नसतं."

"केलं असतंस."

"म्हणून मला बनवलंस."

"बनवलं. दोन महिने बोलत तरी होतास पहिल्यासारखा. कैदी पळाले म्हणालास. तूप खा म्हणालास."

"तूप तू म्हणालास."

"तेच ते."

चहा आला. त्याच्यासाठी झाकणाच्या पेल्यात, मला कपबशीत. त्याने पेल्याकडे पाहिले आणि तो तसाच राहू दिला. मी समोर बसलेला असताना तो पिणार नव्हता. मी माझा चहा संपवला. बशी खाली ठेवताना मला काहीतरी बोलणे भाग होते.

"हा गेम संपला असं मी धरत नाही," मी म्हणालो. "दोघांनी मिळून असं त्यात लिहून आलंय. ते खोटं आहे."

"मग काय करणार? परत डोंगरावर जाणार?"

"मी काय करायचं ते माझं मी पाहीन."

"माझ्या हातानं पहिलं फाटकसुद्धा लागायचं नाही आता. बर्फ पडेल. मेंढ्या मरतील."

"मरतील."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "सोप्यावर टाकलंस तर मी येणार नाही."

मी उठलो. तो खुर्चीचे हात धरून उठू लागला, कारण माणूस निघाला की दारापर्यंत यायचे आणि दार स्वतः लावायचे ही त्याची रीत. वेळ लागत होता. सून पुढे झाली, तेव्हा त्याने तिला नजरेने थांबवले. मी जिन्याशी उभा राहिलो. पूर्वी मी डोंगरावर त्याच्यासाठी उभा राहत असे तसाच. फक्त आज मला कारण माहीत होते. दार लागले. आतून कडी लावण्याचा प्रयत्न ऐकू येत राहिला. लोखंड लोखंडावर घासत होते, निसटत होते. मी खाली उतरलो नाही. अखेर कडी बसली, आणि मग ती एकदा ओढून पाहिल्याचा आवाज आला.

त्यावरून मी त्याला माफ केले असे कोणी समजू नये. मी केलेले नाही. त्याचे आजारी पडणे आणि त्याचे मला बनवणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या वजनात दुसरी झाकून विकता येत नाही. त्याने माझे मोजमाप माझ्या गैरहजेरीत केले. मी हळवा होईन, खोटे खेळेन, असा निकाल दिला आणि त्या निकालात माझी पत्नी आणि त्याची सून यांना सामील करून घेतले. चार माणसांना जे माहीत असायला हवे होते ते तिघांना माहीत होते, आणि चौथा रविवारी सकाळी आंघोळ करून वेळेवर बसत होता. याहून अधिक या बाबतीत मला लिहायचे नाही.

घरी परतलो तेव्हा चार वाजून गेले होते. पत्नीने पान वाढले. आमटी पुन्हा गरम केलेली होती.

"कसे आहेत भाऊजी?" तिने विचारले.

"तुला माहीत आहे."

तिने भाताचे भांडे माझ्या बाजूला सरकवले. "माझ्याशी बोलणार नाही का?"

"उद्या."

जेवण झाल्यावर मी टीव्ही लावला. आमचा कळप माझ्या कन्सोलवर साठवलेला होता. शेकोटी अजून जळत होती. मी तो पुसून टाकला. पुसू का, असे गेमने दोनदा विचारले आणि मी दोन्ही वेळा होय म्हटले. मग नवीन कळप घेतला. पातळी कोणती, असे विचारून पडदा थांबला. खूण आपोआप सोप्यावर उभी होती. तिथे मी बराच वेळ घालवला. सुभेदाराचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, हे मला त्या वेळात मान्य करावे लागले, आणि ते मला मुळीच आवडले नाही.

मी कठीण घेतले. मागच्या मेंढपाळाच्या जागी सुभेदाराला निमंत्रण पाठवले, पुढच्या रविवारचे, सकाळी दहाचे. सोबत मजकूर लिहिण्यासाठी चौकट आली. ती रिकामी ठेवली.

त्यानंतर टीव्ही बंद केला, कंट्रोलरचे झाकण उघडून दोन्ही सेल काढले आणि चार्जरला लावले.